अँटिबायोटिकनंतरचे जुलाब: माझे आठ महिने

गेल्या वर्षभरात ओळखीच्या ओळखीतून चार जणांचे फोन आले. चौघांनी आधी पावसापाण्याचं विचारलं आणि मग आवाज खाली आणून मुद्द्याला हात घातला, "ते तुम्ही केलंत ना, दुसऱ्याच्या शौचाचं... ते कसं असतं?" प्रत्येकाच्या घरात कोणीतरी दोन-तीन महिने जुलाबांनी खंगत होतं आणि हे कोणाला विचारायचं तेच कळत नव्हतं. माझीही तीच गत झाली होती, आणि शेवटी निरोगी माणसाच्या शौचातले जिवाणू आतड्यात सोडून घेतले तेव्हा मी बरी झाले. म्हणून जे घडलं ते तारखांसकट लिहून ठेवते आहे. मी डॉक्टर नाही. गुहागर तालुक्यात समुद्राकाठी आमचं घर आहे, पर्यटकांच्या राहण्या-जेवणाची सोय आम्ही घरातच करतो, माझं वय ५१. इथले आकडे माझ्या फायलीतले आहेत आणि वैद्यकीय माहिती डॉक्टरांकडून समजून घेतलेली.

११ जानेवारी २०२४ ला अमावास्या होती. अमावास्येला पाणी लांबवर सुकतं, म्हणून संध्याकाळच्या सुकतीला आम्ही तिघी खडपावर कालवं काढायला गेलो. परतताना पाय घसरला आणि कालवाच्या शिंपीची धार उजव्या तळव्यात, अंगठ्याखाली शिरली. हळद भरली, फडकं बांधलं आणि स्वयंपाकाला लागले. तिसऱ्या दिवशी घोट्यापर्यंत पाय लाल, गरम आणि टम्म. संक्रांतीच्या आदल्या दिवशी ॲडमिट झाले. चार दिवस सलाईनमधून अँटिबायोटिक, नंतर घरी दहा दिवस क्लिंडामायसिनच्या गोळ्या, आणि त्यासोबत पित्ताची गोळी. पाय पूर्ण बरा झाला. पायाचा तो जंतुसंसर्ग रक्तात उतरू शकला असता, त्यामुळे त्या औषधांबद्दल माझी काही तक्रार नाही. ती गरजेचीच होती.

४ फेब्रुवारीला जुलाब सुरू झाले. पहिल्या दिवशी पाच, तिसऱ्या दिवशी बारा. पाण्यासारखे, शेंबूड पडणारे, आणि एक वेगळाच कुबट वास. जवळच्या दवाखान्यात जुलाब थांबवायची गोळी आणि आणखी एक अँटिबायोटिक मिळालं. दोन दिवस बरं वाटलं, मग पोट फुगलं आणि ताप चढला. क्लिंडामायसिनबद्दल तिथे कोणी विचारलं नाही आणि मलाही सांगायचं सुचलं नाही, कारण ती संपून आठवडा झाला होता. माझ्या डोक्यात होतं की औषधाचा त्रास औषध चालू असतानाच होतो. तसं नाही. औषध संपल्यावर कित्येक आठवड्यांनीही हे जुलाब लागू शकतात. जुलाब थांबवायच्या गोळीने तर आतलं विष आतच कोंडून राहतं, त्यामुळे अशा जुलाबांत ती स्वतःच्या मनाने घेऊ नये, हेही मला पुढे कळलं.

सासूबाई म्हणाल्या, "गो, तुला बाहेरचं काहीतरी बाधलंय." शेजारी म्हणाले, पाणी उकळून प्या. पाणी तर आम्ही उकळूनच पितो. पंधरा दिवसांत माझं वजन ५८ वरून ५२ वर आलं. रात्री चार-पाच वेळा उठावं लागायचं, आणि पावणेदोन-दोनच्या सुमाराला अंगण ओलांडून जाताना भिंत धरावी लागायची.

२० फेब्रुवारीला चिपळूणला गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरांनी पोटाला हात लावण्याआधीच विचारलं, "गेल्या दोन-तीन महिन्यांत कुठलं अँटिबायोटिक घेतलंत?" हा प्रश्न आम्हाला तेव्हा पहिल्यांदा विचारला गेला. रक्तात पांढऱ्या पेशी १९,००० निघाल्या. १५,००० च्या वर गेल्या की हा आजार गंभीर धरतात. त्यांनी शौचाची एक खास तपासणी लिहून दिली. तिचे त्या वेळी २,६०० रुपये लागले.

या तपासणीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण इथेच बरेच जण चुकतात. सॅम्पल पातळच लागतं, बांधून झालेलं असेल तर लॅब परत पाठवते. जंतूच्या ज्या विषाचा शोध घ्यायचा ते साध्या तापमानाला नष्ट होत जातं, म्हणून डबी थंड ठेवून लवकर पोहोचवावी लागते. आमच्यापासून चिपळूण पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर. यजमान पहाटे जेटीवर गेले, मासळीचा थर्मोकोलचा एक छोटा डबा धुऊन घेतला आणि बर्फाचा भुगा भरून आणला. डबी दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, वर वर्तमानपत्राची घडी आणि मग बर्फ, म्हणजे सॅम्पल थंड राहील पण गोठणार नाही. तो डबा मोटरसायकलवर मांडीत धरून ते नऊच्या आत लॅबमध्ये हजर झाले. त्या डब्याला शेवटपर्यंत सुरमईचा वास होता. लॅबच्या मुलीने काही न बोलता तो घेतला याचं मला फार बरं वाटलं.

२३ फेब्रुवारीला रिपोर्ट आला. आतड्यात विष सोडणारा क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसील नावाचा जंतू, डॉक्टर मंडळी थोडक्यात सी-डिफ म्हणतात.

डॉक्टरांनी जे समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. आपल्या शरीरात माणसाच्या पेशी जितक्या, साधारण तितकेच जिवाणू असतात. २०१६ साली शास्त्रज्ञांनी नव्याने मांडलेल्या हिशेबात हा आकडा सुमारे ३८ लाख कोटी आला आणि त्यांचं सगळं मिळून वजन जेमतेम दोनशे ग्रॅम. यातले बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात. आपल्याला न पचणारा भाजीपाल्याचा, धान्याचा चोथा ते आंबवतात, आणि त्यातून ब्युटिरेट नावाचं जे आम्ल तयार होतं त्यावरच मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः जगतात. आपलं आणि परकं कसं ओळखायचं हे शरीराच्या प्रतिकारशक्तीला शिकवण्यातही त्यांचा हात असतो. आणि माझ्या आजाराशी थेट संबंध असलेलं काम म्हणजे, यकृतातून येणाऱ्या पित्ताचं रूप ते बदलतात. पित्ताचं मूळ रूप सी-डिफच्या बीजाणूंना, म्हणजे कवचात झोपून राहिलेल्या जंतूंना, जागं करतं, तर या जिवाणूंनी बदललेलं रूप त्याची वाढ रोखतं. अँटिबायोटिकने पायातले जंतू मारले, पण त्यासोबत आतड्यातले हे पित्त बदलणारेही गेले. जागा मोकळी झाली आणि पित्तही शत्रूच्या सोयीचं राहिलं. पित्ताच्या गोळीने पोटातलं आम्ल कमी झालं होतं, त्यानेही या आजाराचा धोका वाढतो असं ते म्हणाले. ती गोळी त्यांनी त्याच दिवशी बंद केली.

आमच्या सासऱ्यांची थोडी खारजमीन आहे. एका वर्षी उधाणात बांध फुटला, खाडीचं पाणी आत शिरलं आणि पुढची दोन वर्षं तिथे भात उभं राहिलं नाही. घरी येताना यजमान गाडीवरून मागे न बघता म्हणाले, "म्हणजे तुझा बांध फुटलाय." मला आजार तेव्हा नीट कळला.

औषध होतं वॅन्कोमायसिन. हे शिरेतून दिलं तर आतड्यात पोहोचत नाही, या आजारात तोंडानेच घ्यावं लागतं. कॅप्सूल चिपळुणात कुठेच मिळाल्या नाहीत. तेव्हा इंजेक्शनची ५०० मिलिग्रॅमची बाटली पाण्यात विरघळवून त्याचे चार भाग करायचे आणि दिवसातून चार वेळा १२५-१२५ मिलिग्रॅम प्यायचं, असं सिस्टरांनी शिकवलं. चव कमालीची कडू. त्याच म्हणाल्या, सरबतात घातलंत तरी चालेल. दहा दिवस मी ते कोकम सरबतातून प्यायले. विरघळवलेलं औषध फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, आणि आमच्याकडे वीज जाते, म्हणून तो मासळीचा डबा पुन्हा कामी आला. मेडिकलवाला आधी बाटली द्यायला तयार नव्हता, "हे पिण्याचं नाही" म्हणाला. चिठ्ठीवर "तोंडाने घेण्यासाठी" असं डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्या.

पाचव्या दिवशी जुलाब थांबले. ३ मार्चला औषध संपलं. मी होळीच्या तयारीला लागले.

२० मार्चला पुन्हा सुरू.

वॅन्कोमायसिन वाढणाऱ्या जंतूंना मारतं, बीजाणूंना नाही. शिवाय परत रुजू पाहणारे चांगले जिवाणूही त्यातच जातात. पाणी उपसलं, पण बांध तसाच फुटका. पहिल्यांदा बरं झालेल्या दर चार-पाच जणांत एकाला हा परत होतो आणि एकदा परतला की पुढची शक्यता वाढत जाते, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. तो एक मी असेन असं मी धरलं नव्हतं.

या खेपेला घरातही बदल करावे लागले. सी-डिफचे बीजाणू फरशीवर, नळावर, दाराच्या कडीवर महिनोन्महिने टिकतात आणि सॅनिटायझरने मरत नाहीत. हात साबण-पाण्याने चोळून धुवायचे. संडास आणि कडी-कोयंड्यांना एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी, आणि ते लगेच पुसायचं नाही. माझ्यासाठी मागचा संडास वेगळा केला. मी स्वयंपाकघरात जाणं बंद केलं, आणि एप्रिल-मेची सगळी बुकिंगं रद्द केली. पाहुण्यांना काय कारण सांगायचं? "घरात आजारपण आहे" एवढंच सांगत राहिले. वर्षाची निम्मी कमाई त्या दोन महिन्यांत होते. तो खर्च खालच्या हिशेबात मी धरलेलाच नाही.

शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी आमच्या अंगणात येते. लग्न होऊन आल्यापासून एकदाही माझी ओटी भरायची चुकली नव्हती. या वर्षी ढोल दारात वाजत असताना मी मागच्या संडासात होते. बाहेर आले तोवर पालखी शेजारच्या वाडीत नाचत होती. जाऊबाईंनी माझ्या नावाने ओटी भरली होती. त्या दिवशी मी रडले, आजारपणात तोपर्यंत रडले नव्हते.

आता वॅन्कोमायसिन सहा आठवडे, हळूहळू कमी करत. आधी दिवसाला चार वेळा, मग दोन, मग एक, मग दिवसाआड. या काळात ज्याने जे सांगितलं ते मी केलं. दही-जिवाणूंच्या पुड्या तर ढिगाने खाल्ल्या. मुलाने ऑनलाइन 'आतड्याचे जिवाणू तपासून आहार सांगतो' असं एक किट शोधलं, दहा हजारांच्या आसपासचं. चिपळूणच्या डॉक्टरांनी ते घेऊ दिलं नाही. त्यातून जी यादी येते तिच्यावरून तुमचा एकही उपचार बदलत नाही, असं ते म्हणाले. पुड्यांबद्दल त्यांनी २०१८ सालचा इस्रायलच्या वाइझमन संस्थेतला अभ्यास सांगितला. अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेतलेल्या लोकांत त्यांचे स्वतःचे जिवाणू परत यायला उलट जास्त वेळ लागला. ज्यांना त्यांचंच आधी साठवलेलं शौच परत दिलं, त्यांचं आतडं लवकर पूर्ववत झालं. मी पुड्या बंद केल्या. ताक मात्र घेत राहिले, कारण ते मला आवडतं आणि सोसत होतं.

मे महिन्यात घरात आंबा पिकला. त्याचा वास माजघरात भरलेला आणि मी पेज आणि आटवल खात बसलेली. आंब्याला कोणी बंदी घातली नव्हती. माझंच धाडस होत नव्हतं. २२ मे, तिसऱ्यांदा जुलाब. वजन ४७.

चिपळूणचे डॉक्टर तेव्हा म्हणाले, "आता औषधांनी दमछाक करण्यात अर्थ नाही. मुंबईला पाठवतो. निरोगी माणसाच्या शौचातले जिवाणू तुमच्या आतड्यात सोडतात." मी त्यांच्याकडे बघतच राहिले. यजमान खिडकीबाहेर बघत होते. परतीच्या पन्नास किलोमीटरात आम्ही एक शब्द बोललो नाही. मला किळस आली होती हे मी मान्य करते. आणि किळशीखाली भीती होती.

रात्री मुलाने वाचून दाखवलं. चीनमध्ये चौथ्या शतकात गे हुंग नावाचा वैद्य अतिसाराच्या गंभीर रोग्यांना असं औषध देत असे. १९५८ साली अमेरिकेत डेन्व्हरला बेन आइझमन या शल्यविशारदाने मरणाच्या दारात असलेल्या चार रोग्यांना शौचाचा एनिमा दिला आणि ते बरे झाले. आणि जानेवारी २०१३ मध्ये नेदरलँड्समधला अभ्यास प्रसिद्ध झाला. वारंवार सी-डिफ होणाऱ्यांपैकी नुसतं वॅन्कोमायसिन दिलेल्या १३ जणांत ४ बरे झाले. शौचाचा उपचार दिलेल्या १६ जणांत १३ एकाच खेपेत आणि आणखी दोघे दुसऱ्या खेपेत बरे झाले. फरक इतका होता की तो अभ्यास ठरल्यापेक्षा लवकर थांबवला. १६ पैकी १५. हा आकडा मी उशाशी घेऊन झोपले.

४ जूनला चिपळूणहून गाडीत बसलो. लोकसभेच्या मतमोजणीचा दिवस, डब्यात सगळे मोबाइलला डोळे लावून होते आणि माझं लक्ष फक्त संडासाच्या दारावर. ज्यांना असा प्रवास करायचा असेल त्यांच्यासाठी: दाराजवळचा बर्थ मागून घ्या, मोठ्यांचं डायपर वापरायला लाजू नका, ओआरएस, जुने टॉवेल आणि साबणाची वडी वेगळ्या पिशवीत ठेवा. डोंबिवलीला नणंदेकडे उतरलो. तिच्याकडे एकच संडास. तिने स्वतःहून ब्लीचची बाटली आणून ठेवली होती.

५ जूनची ओपीडी. टोकन ४१, नंबर लागायला साडेतीन तास. मी आदल्या रात्री एका कागदावर सगळं लिहून नेलं होतं: कुठलं औषध, कधीपासून कधीपर्यंत, जुलाब कधी थांबले, कधी परतले, वजन. इतक्या जाड फायलीतून डॉक्टरांनी तेवढाच कागद दोनदा वाचला. असा कागद नक्की करा.

त्यांनी काही लपवलं नाही. २०१९ साली अमेरिकेत या उपचारातून दोन रोग्यांना औषधांना दाद न देणारे जंतू गेले आणि त्यातला एक दगावला. तेव्हापासून दात्याची तपासणी आणखी कडक झाली. तिकडे २०२३ मध्ये याची कॅप्सूलही मंजूर झाली आहे, पण आपल्याला कोलोनोस्कोपीतूनच, म्हणजे मोठ्या आतड्यात दुर्बिणीची नळी घालूनच, द्यायचं आहे, असं ते म्हणाले. मी विचारलं, याने माझी शुगर, गुडघे, झोप, सगळं सुधारतं असं मोबाइलवर येतं, ते खरं का? त्यांनी सांगितलं, या जिवाणूंचा लठ्ठपणाशी, मधुमेहाशी, मनाच्या आजारांशी संबंध दिसतो, पण संबंध दिसणं आणि उपचार सिद्ध होणं यात फार अंतर आहे. अल्सरेटिव्ह कोलायटिस या मोठं आतडं सुजण्याच्या आजारावर लुधियानासारख्या ठिकाणी आपल्याकडेही चांगले अभ्यास झालेत. पण ज्यावर भरवसा ठेवून सांगता येतं ते तुमचं दुखणं. मला हे सरळ बोलणं धीर देऊन गेलं.

आता दाता. पहिले भावजी तयार झाले, माझे धाकटे दीर. वय ४४, कधी डोकं दुखलेलं नाही, रोज होडीवर जाणारा माणूस. १० जूनला रक्त आणि शौचाच्या सगळ्या तपासण्या दिल्या: एचआयव्ही, कावीळ, सिफिलिस, जंत, जियार्डिया, सी-डिफ, आणि औषधांना दाद न देणारे जिवाणू. १४,२०० रुपये. १८ तारखेला फोन आला, चालणार नाहीत. त्यांच्या आतड्यात ईएसबीएल नावाचे, बऱ्याच अँटिबायोटिकना न जुमानणारे जिवाणू होते. भावजींचा चेहरा उतरला. "वहिनी, म्हणजे मी आजारी आहे?" नव्हते. आपल्या देशात अनेक धडधाकट माणसांच्या पोटात ते असतात आणि त्यांना स्वतःला काही होत नाही, फक्त माझ्यासारख्या उघड्या आतड्यात ते सोडता येत नाहीत. डॉक्टरांनी त्यांना फोनवर हे समजावलं, तरी दोन दिवस ते आमच्याकडे आले नाहीत. दात्याला आधीच सांगून ठेवा की नापास होणं म्हणजे आजार नव्हे. आणि पैशाच्या दृष्टीने, या जिवाणूंची शौचतपासणी पहिली करून घ्या, ती पास झाली की मग बाकीच्या. हे मला दुसऱ्या खेपेला लॅबनेच सुचवलं.

दुसरा माझा भाचा. वय २३, रत्नागिरीला शिकतो. मी त्याला विचारलं नव्हतं, वहिनीकडून कळल्यावर त्यानेच फोन केला, "आत्या, माझं चालेल का बघ." त्याच्यासमोर प्रश्नावली ठेवताना डॉक्टरांनी मला बाहेर बसायला सांगितलं. तीन महिन्यांत अँटिबायोटिक, सहा महिन्यांत टॅटू, घरात आतड्याचे आजार, खासगी सवयी, सगळं त्यात असतं. दात्याला एकट्याने नकार देण्याचीही मुभा हवी, असं त्यांचं म्हणणं होतं आणि ते मला पटलं. १३,९०० रुपये आणि आठ दिवस. २८ जूनला तो पास झाला.

या मधल्या महिनाभरात मी पुन्हा वॅन्कोमायसिनवरच होते, नाहीतर तग धरला नसता.

९ जुलै ठरली. आदल्या दिवशी भरती व्हायचं होतं. ७ जुलैच्या रात्रीपासून मुंबईत जो पाऊस कोसळला त्याने ८ तारखेला सकाळी लोकल ठप्प. आम्ही डोंबिवलीत अडकलो. औषध आदल्या दिवशी बंद केलेलं, पोट कधीही सुटेल ही धास्ती. डॉक्टरांनी फोनवर एक दिवस पुढे ढकललं. ९ तारखेला दुपारी दाखल झाले, संध्याकाळी आतडं साफ करायचं दोन लिटर पाणी प्यायले. भाचा नणंदेकडे न राहता हॉस्पिटलजवळच्या लॉजवर राहिला, कारण दिलेलं शौच सहा तासांच्या आत वापरायचं असतं. १० जुलै, सकाळी सहा चाळीसला त्याचा फोन, "झालं, आत्या." साडेसातला बंद डबी लॅबमध्ये पोहोचली. तिथे ते सलाईनमध्ये घुसळून गाळून घेतात.

मला अर्धवट गुंगी दिली होती. शेजारच्या ट्रेमध्ये सहा मोठ्या सिरिंज ओळीने ठेवलेल्या दिसल्या, नाचणीच्या आंबिलीच्या रंगाचं पाणी. वास आला नाही. किळसही आली नाही. मला पहाटेचा तो फोन आठवत होता. नंतर उजव्या कुशीवर झोपवलं, जुलाब थांबवायच्या दोन गोळ्या दिल्या. इथे त्या मुद्दाम देतात, दिलेलं आत टिकावं म्हणून. चार तास मी हलले नाही. पोटात थोडी कळ, बाकी काही नाही. दुसऱ्या दिवशी डिस्चार्ज. दोन रात्री, कोलोनोस्कोपी आणि उपचार मिळून बिल ६१,५०० रुपये.

१३ जुलैला सकाळी, उपचारानंतर पहिल्यांदा, बांधून शौच झालं. यजमानांना हाक मारून सांगितलं. त्यांनी काही न बोलता देवापुढे दिवा लावला.

मग आठ आठवड्यांची वाट. या काळात परतलं नाही तर उपचार लागू पडला असं धरतात. पोट एकदम शांत होत नाही हे मला आधी कोणी सांगायला हवं होतं. वायू, गुडगुड, कधी मऊ कधी घट्ट. ९ ऑगस्टला, नागपंचमीला, तीनदा पातळ झालं आणि माझे हातपाय गार पडले. पुन्हा मासळीचा डबा, पुन्हा चिपळूण. रिपोर्ट निगेटिव्ह. जुलाब नसताना उगाच मनाच्या खात्रीसाठी तपासणी करू नका, कारण बरं झाल्यावरही काही दिवस ती पॉझिटिव्ह येऊ शकते. आहारात मी चोथा हळूहळू वाढवला, कारण नव्या जिवाणूंना खायला तोच लागतो: आधी नाचणीची आंबील, मग मूग, लाल माठ, आठवड्याभराने कुळथाचं पिठलं. शिजवून गार केलेल्या भातातला काही पिष्टमय भाग न पचता त्यांच्यापर्यंत पोहोचतो, म्हणून दुपारी ताकभात.

४ सप्टेंबरला आठ आठवडे झाले. ७ तारखेला गणपती. मोदक मी स्वतः वळले, पाच महिन्यांनी स्वयंपाकघरात. भाचा आला होता. पहिला मोदक बाप्पाला, दुसरा त्याच्या पानात.

विम्याचं शेवटी लिहिते कारण ते सगळ्यात शेवटी संपलं. कॅशलेस नाकारलं: "सिद्ध न झालेला उपचार" या कलमाखाली. २५ जुलैला कागद जोडून क्लेम टाकला, २० ऑगस्टला तेच कारण देऊन फेटाळला. कंपनीच्या तक्रार कक्षाचंही उत्तर तेच. मग विमा लोकपालांकडे अर्ज केला. त्याला फी नाही, वकील लागत नाही, फक्त कंपनीने आधी नाकारल्याचं पत्र हातात हवं आणि वर्षाच्या आत जायला हवं. मुंबईच्या डॉक्टरांनी एक पानी पत्र दिलं: औषधं तीनदा देऊनही आजार परतला, हा उपचार या आजारासाठी मान्य आहे. चिपळूणचे तीनही रिपोर्ट जोडले. डिसेंबरमध्ये मोबाइलवर सुनावणी झाली, वीस मिनिटं. जानेवारी २०२५ मध्ये ५४,८०० रुपये जमा झाले. दात्यांच्या तपासण्या, बाटल्या आणि प्रवास आमच्याच खिशातून. सगळा खर्च एक लाख तीस हजारांच्या घरात गेला होता. पहिल्या दिवसापासूनची प्रत्येक पावती, मेडिकलची छोटी चिठ्ठीसुद्धा जपली म्हणून एवढं तरी मिळालं.

डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरांनी एक चिठ्ठी दिली होती. ती लॅमिनेट करून मी पर्समध्ये ठेवते. त्यावर माझं नाव, "वारंवार सी-डिफ, जुलै २०२४ मध्ये उपचार", टाळायच्या अँटिबायोटिकची नावं, आणि "अत्यावश्यक असेल तरच अँटिबायोटिक, आधी फोन करावा" एवढंच. फेब्रुवारीत दाढ सुजली तेव्हा पहिली ती बाहेर काढली. डेंटिस्टनी वाचली, मुंबईला फोन लावला, दाढ उघडून पू काढून टाकला आणि गोळी दिली ती फक्त दुखण्याची.